लांबच्या पदभ्रमंतीसाठी कॅमेरा आणि सोबतचे साहित्य निवडताना

आठ-दहा दिवस किंवा त्याहून अधिक काळ सगळा संसार पाठीवर घेऊन चालायचे ठरले, की छायाचित्रणाची आवड असणारा माणूस सर्वांत आधी कोणता कॅमेरा घ्यावा याच्या शोधाला लागतो. माझ्या मते हा प्रश्न क्रमाने तिसरा आहे. त्याआधी दोन गोष्टींचा निकाल लागायला हवा. तंबू, झोपण्याची पिशवी, शिधा आणि पाणी भरून झाल्यावर आणखी किती भार आपण रोज सहा-सात तास वाहू शकतो, ही पहिली गोष्ट. बाराव्या दिवशी, पाय भरून आलेले असताना आणि एका हातात काठी असताना तो कॅमेरा आपण खरोखर हातात घेऊ का, ही दुसरी. घरी बसून साहित्य पारखताना आपण ताजेतवाने असतो, वाटेवर तसे नसतो. सॅकच्या तळाशी राहिलेल्या उत्तम लेन्सने एकही छायाचित्र निघत नाही, आणि ही चूक मी स्वतः दोन मोठ्या प्रवासांत केलेली असल्यामुळे या लेखातला क्रम मुद्दाम वजनापासून सुरू केला आहे.

सुरुवात वजनकाट्यापासून

कॅमेरा वगळून बाकीची सॅक, प्रवासाला निघताना जशी असेल अगदी तशी भरावी आणि तिचे वजन करावे. अनेक दिवस सलग चालायचे असेल तर पाठीवरचा एकूण भार स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावा, असा ठोकताळा भटक्यांमध्ये रूढ आहे. ६५ किलो वजनाच्या माणसासाठी हा भार १३ किलो होतो. आता तंबू, झोपण्याचे साहित्य, कपडे आणि भांडीकुंडी मिळून ८ किलो धरा, पाच दिवसांचा शिधा रोज ७०० ग्रॅमप्रमाणे साडेतीन किलो धरा आणि दीड लिटर पाण्याचे दीड किलो धरा. बेरीज बरोबर १३ किलो भरते, आणि अजून कॅमेऱ्याचे नावही निघालेले नाही. म्हणजे कॅमेऱ्याचा प्रत्येक ग्रॅम एक तर दुसऱ्या कशातून तरी काढावा लागतो किंवा गुडघ्यांना सोसावा लागतो.

भटकंती हा मुख्य हेतू आणि छायाचित्रण ही सोबत असेल, तर कॅमेऱ्याच्या सगळ्या साहित्याला मिळून दीड किलोची मर्यादा घालावी, असा माझा सल्ला आहे. छायाचित्रणासाठीच प्रवास करायचा असेल तर अडीच किलोपर्यंत जाता येईल, मात्र त्यापुढे जाण्यासाठी खरोखर सबळ कारण हवे. ‘सगळे साहित्य’ या शब्दांवर येथे भर आहे. ४०० ग्रॅमचा कॅमेरा घेतला म्हणून आपण हलके झालो, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु स्वयंपाकघरातला काटा घेऊन प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून पाहिली तर चित्र वेगळे दिसते: कॅमेरा ४००, लेन्स ३००, दोन जादा बॅटऱ्या १६०, पॉवर बँक ३५०, चार्जर आणि केबली १५०, क्लिप आणि पट्टा १००, पाण्यापासून बचावाची पिशवी आणि पुसण्याचे साहित्य १००, आणि वर १,२०० ग्रॅमचा ट्रायपॉड. ही बेरीज २,७६० ग्रॅम होते आणि त्यात प्रत्यक्ष कॅमेऱ्याचा वाटा जेमतेम सातवा हिस्सा आहे. त्यामुळे वजन कमी करायचे तर कॅमेरा बदलण्याआधी बाकीच्या सहा हिश्श्यांकडे पाहावे. तिथे पैसे खर्च न करताही बरेच काही सुटते.

आपण कशाची छायाचित्रे काढतो, हे तपासावे

मागच्या दोन-तीन प्रवासांतली आपल्याला सर्वांत आवडलेली ३० छायाचित्रे निवडावीत आणि ती किती फोकल लेंथवर (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा; तो मोठा तितका दूरचा विषय जवळ दिसतो) काढली आहेत ते पाहावे. ही माहिती प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये नोंदलेली असते आणि छायाचित्रे हाताळणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये ती दिसते. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा ३० पैकी २२ छायाचित्रे २४ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान निघाली, आणि मी मात्र तोवर पक्ष्यांच्या छायाचित्रांच्या आशेने एक जड टेलिफोटो लेन्स, म्हणजे दूरचे जवळ आणणारी लेन्स, वाहत होतो. आपल्याला काय आवडते याविषयीची आपली कल्पना आणि आपल्या हातून प्रत्यक्ष काय घडते, यांतला फरक असा डोळ्यांसमोर आला की पुढची निवड पुष्कळच सोपी होते.

याच वेळी छायाचित्रांचे पुढे काय करायचे आहे, तेही ठरवावे. मोबाइलच्या पडद्यावर पाहायची आणि घरात एखादी चौकट लावायची असेल तर २० ते २४ मेगापिक्सेलचा कुठलाही अलीकडचा कॅमेरा पुरून उरतो. प्रदर्शनासाठी मोठ्या छपाईची किंवा चांदण्यांच्या छायाचित्रांची ओढ असेल तरच मोठ्या सेन्सरचा (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) विचार करावा.

कॅमेरा: सेन्सर आणि वजन यांचा मेळ

सेन्सरच्या आकाराविषयी बोलताना नुसत्या नावांपेक्षा मापे समोर ठेवलेली बरी. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा म्हणजे क्षेत्रफळाने त्याच्या निम्म्याहूनही लहान असतो, आणि मायक्रो फोर थर्ड्स हा १७.३ × १३ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास एक चतुर्थांश असतो. सेन्सर मोठा असेल तर अंधुक प्रकाशात चित्र स्वच्छ येते आणि पार्श्वभूमी अधिक धूसर करता येते. परंतु तेवढ्या मोठ्या सेन्सरवर प्रकाश पाडण्यासाठी लेन्सही मोठी लागते, आणि वजन वाढते ते मुख्यतः तिथे.

काही ठोस उदाहरणे पाहू. सोनीचा ए७ थ्री हा फुल फ्रेम कॅमेरा ६५० ग्रॅमचा आहे, आणि त्याला टॅमरॉनची २८-२०० मिलिमीटरची लेन्स लावली की तिचे ५७५ ग्रॅम धरून जोडी सव्वा किलोच्या घरात जाते. फुजीफिल्मचा एक्स-टी३० हा एपीएस-सी कॅमेरा ३८३ ग्रॅमचा आहे. त्याची १८-५५ मिलिमीटरची लेन्स ३१० ग्रॅमची असल्याने ती जोडी ७०० ग्रॅमच्या आत बसते. रिकोचा जीआर थ्री हा लेन्स न बदलता येणारा कॅमेरा तर बॅटरी आणि कार्डासह अवघा २५७ ग्रॅमचा असून त्यात एपीएस-सी सेन्सर आहे. त्याची लेन्स मात्र २८ मिलिमीटरच्या तोडीची एकच एक आहे आणि त्याची छोटी बॅटरी एका चार्जमध्ये २०० छायाचित्रांच्या आसपास संपते. या तिन्हींपैकी कोणताही घेतला तरी दिवसाउजेडी डोंगराचे छायाचित्र उत्तम येते. फरक पडतो तो पहाटेच्या, संध्याकाळच्या आणि रात्रीच्या प्रकाशात.

माझे स्पष्ट मत असे, की पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्या बहुसंख्य लोकांसाठी एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्सचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा हा सर्वांत समजूतदार पर्याय आहे. घरात आधीपासून डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, असेल तर केवळ या प्रवासासाठी नवा कॅमेरा घेण्याची निकड नाही. त्याच्या प्रकाशीय व्ह्यूफाइंडरला (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीला) वीज जवळजवळ लागत नसल्यामुळे त्याची बॅटरी मिररलेसपेक्षा बरीच जास्त टिकते, आणि विजेपासून दूरच्या प्रवासात हा मोठाच लाभ आहे. मोबाइलही कमी लेखू नये. अलीकडच्या चांगल्या मोबाइलने विस्तृत दृश्ये आणि वाटेवरचे प्रसंग सुरेख टिपता येतात. दूरचा विषय, वेगाने हलणारा विषय आणि अंधार या तीन ठिकाणी तो कमी पडतो. आपल्या त्या ३० छायाचित्रांत हे तिन्ही प्रकार नसतील, तर वेगळा कॅमेरा न नेण्याचा विचारही मोकळ्या मनाने करावा.

कॅमेरा पाहताना दोन बाबी मात्र आवर्जून तपासाव्यात. एक म्हणजे तो यूएसबी-सी केबलने थेट चार्ज होतो का, कारण तसे असेल तर वेगळा चार्जर न्यावा लागत नाही. दुसरी म्हणजे हातमोजे घातलेल्या बोटांनी त्याची मुख्य बटणे आणि चक्रे फिरवता येतात का. सगळी सोय स्पर्शपटलावर असलेला कॅमेरा थंडीत फार छळतो.

लेन्स: एक, आणि फार तर दीड

वाटेवर लेन्स बदलणे हे घरी वाटते त्यापेक्षा अवघड काम आहे. वारा असतो, धूळ असते, पाऊस असतो, आणि सॅक खाली ठेवायला सपाट जागा नसते. म्हणून फुल फ्रेमच्या हिशेबात २४ ते १०५ मिलिमीटरच्या आसपासचा पल्ला असणारी एकच झूम लेन्स बहुतेक प्रवासाला पुरते. एपीएस-सीवर हाच पल्ला साधारण १६ ते ७० मिलिमीटर आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १२ ते ५० मिलिमीटर होतो. ऑलिंपसची १२-४५ मिलिमीटर एफ/४ (एफ/ पुढचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त आत येतो) ही लेन्स या कामासाठी मला आदर्श वाटते: वजन २५४ ग्रॅम, आणि पाणी-धुळीपासून संरक्षणही आहे. लांबचा पल्ला हवाच असेल तर दोन लेन्स नेण्याऐवजी निकॉनच्या झेड २४-२०० मिलिमीटरसारखी, ५७० ग्रॅमची एकच लेन्स पत्करावी. कडांवरची थोडी तीक्ष्णता आपण गमावतो, पण लेन्स कायम कॅमेऱ्यावर असते आणि सेन्सर उघडा पडत नाही.

टेलिफोटोच्या मोहाविषयी एक प्रसंग सांगतो. २३ दिवसांच्या एका चालीत ७०-३०० मिलिमीटरची लेन्स मी सॅकच्या मधल्या कप्प्यात, पावसाळी जॅकेटच्या खाली ठेवली होती. एका सकाळी समोरच्या उतारावर रानशेळ्यांचा कळप थांबला होता. छातीवरचा पट्टा सोडला, कमरेचा सोडला, सॅक उतरवून दगडाला टेकवली, दोरी सैल केली, जॅकेट उपसून काढले, लेन्सची पिशवी हाती लागली, तिची चेन ओढली, आणि मान वर केली तेव्हा शेवटच्या शेळीची शेपटी कड्यापलीकडे जात होती. त्या प्रवासात त्या लेन्सने काढलेली छायाचित्रे मी नंतर मोजली. ती ११ होती. जंगली प्राणी हाच आपला विषय असेल तर टेलिफोटो लेन्स कॅमेऱ्यावर लावूनच चालावे आणि विस्तृत दृश्यांसाठी मोबाइल वापरावा. ती सॅकमध्ये ठेवायची असेल तर घरीच राहू द्यावी.

शीर्षकात म्हटलेली ‘दीड’ लेन्स म्हणजे एखादी छोटी, रुंद ॲपर्चरची म्हणजे जास्त प्रकाश घेणारी प्राइम (झूम न होणारी लेन्स). एफ/१.८ किंवा एफ/२ ची, १५०-२०० ग्रॅमच्या आतली अशी लेन्स रात्रीच्या आकाशासाठी आणि शेकोटीभोवतीच्या चेहऱ्यांसाठी उपयोगी पडते. ती मुक्कामावर, तंबूच्या आडोशाला बदलायची असल्यामुळे वरचा आक्षेप तिला लागू होत नाही.

वीज: सर्वांत जास्त विचार येथे करावा

लांबच्या प्रवासात छायाचित्रे थांबतात ती बहुधा लेन्स अपुरी पडल्यामुळे नव्हे, तर बॅटरी संपल्यामुळे. म्हणून दोन मुक्कामांमधल्या, विजेविना जाणाऱ्या सर्वांत लांब टप्प्याचे दिवस आधी मोजावेत आणि सगळा हिशेब त्या टप्प्यावर बसवावा.

हिशेब मिलिॲम्पिअर-अवरमध्ये करू नये, कारण वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्यांची तुलना त्यात फसते. वॉट-अवरमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ऊर्जेच्या मापात, करावा. २०,००० मिलिॲम्पिअर-अवरच्या पॉवर बँकेतले सेल ३.७ व्होल्टचे असल्याने तिच्यात ७४ वॉट-अवर ऊर्जा असते. व्होल्टेज बदलताना आणि केबलीत काही ऊर्जा वाया जात असल्याने हाती साधारण ५० वॉट-अवर येतात. मोबाइलची बॅटरी १५ ते १९ वॉट-अवरची धरली आणि तो दोनदा चार्ज केला, तर कॅमेऱ्याच्या एका मोठ्या बॅटरीपुरतीच ऊर्जा उरते. सोनीची एनपी-एफझेड१०० ही बॅटरी १६.४ वॉट-अवरची आणि ८३ ग्रॅमची आहे, म्हणजे दर वॉट-अवरमागे सुमारे ५ ग्रॅम. साडेतीनशे ग्रॅमच्या पॉवर बँकेतून मिळणाऱ्या ५० वॉट-अवरचा दर मात्र ७ ग्रॅम पडतो. निव्वळ कॅमेऱ्यासाठी पाहिले तर जादा बॅटऱ्या पॉवर बँकेपेक्षा हलक्या ठरतात, हे या हिशेबातून दिसते. पॉवर बँकेचा फायदा असा की तीच वीज मोबाइलला, हेडलॅम्पला आणि जीपीएसलाही देता येते. म्हणून पाच-सहा दिवसांच्या टप्प्यासाठी कॅमेऱ्यातली एक धरून तीन बॅटऱ्या आणि १०,००० मिलिॲम्पिअर-अवरची लहान पॉवर बँक ही जुळणी मी पसंत करतो. ती पॉवर बँक मुख्यतः मोबाइलसाठीच असते.

विमानाने जायचे असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका केबिनमधल्या सामानातच न्याव्या लागतात. विमानतळावर जमा केलेल्या (चेक-इन) सामानात त्या चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला विशेष परवानगी लागत नाही, तर १०० ते १६० वॉट-अवरसाठी विमान कंपनीची संमती घ्यावी लागते. २७,००० मिलिॲम्पिअर-अवरची पॉवर बँक या १०० च्या सीमेवरच येते, त्यामुळे त्याहून मोठी घेऊ नये, आणि क्षमतेचा आकडा जिच्यावर स्पष्ट छापलेला नाही अशी तर घेऊच नये, कारण तपासणीत ती अडवली जाऊ शकते. कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी ते वाचून घ्यावेत. सुट्या बॅटऱ्यांची टोके एकमेकांना किंवा नाणी-किल्ल्यांना लागू नयेत यासाठी प्रत्येक बॅटरीला प्लॅस्टिकची टोपी किंवा वेगळी छोटी पिशवी हवी.

थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि बॅटरी भरलेली असूनही रिकामी दिसते. अशा वेळी ती फेकून दिल्यासारखी बाजूला टाकू नये. सदऱ्याच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला अर्धा तास ठेवली की पुष्कळदा ती पुन्हा कामाला येते. रात्री सगळ्या बॅटऱ्या, पॉवर बँक आणि मोबाइल एका मोज्यात घालून झोपण्याच्या पिशवीत पायांशी ठेवावेत. शून्य अंशाखाली बॅटरी चार्ज मात्र करू नये, कारण त्या तापमानात चार्ज केल्यास आत लिथियम धातूचा थर जमून बॅटरी कायमची खराब होते.

सौर पॅनेल घ्यावे का, असे अनेकजण विचारतात. चालत्या सॅकवर टांगलेल्या पॅनेलची दिशा सतत बदलत असते, झाडांची सावली पडते, आणि त्यावर लिहिलेल्या क्षमतेच्या मानाने फारच थोडी वीज मिळते. मोकळ्या प्रदेशात, आठवड्याहून अधिक काळ विजेविना राहायचे असेल आणि दुपारी एका जागी थांबण्याची सवय असेल तरच ते न्यावे. एरवी त्याच वजनात दोन-तीन जादा बॅटऱ्या बसतात.

कॅमेऱ्यातले वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवणे, पडदा मिनिटाभरात आपोआप विझेल असे करणे आणि काढलेली छायाचित्रे पुन्हा पुन्हा न पाहणे, एवढ्यानेही एक बॅटरी अर्ध्या दिवसाने अधिक टिकते असा माझा अनुभव आहे.

कार्डे आणि दुसरी प्रत

२४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) २५ ते ५० मेगाबाइटची असते. म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डावर साधारण १,२०० ते २,५०० छायाचित्रे मावतात. व्हिडिओचा हिशेब वेगळाच आहे: सेकंदाला १०० मेगाबिट या दराचा फोर-के व्हिडिओ तासाला ४५ गिगाबाइट खातो. एकच अवाढव्य कार्ड घेण्यापेक्षा ६४ किंवा १२८ गिगाबाइटची तीन-चार कार्डे घ्यावीत आणि भरलेले कार्ड पासपोर्टसोबत अंगावर ठेवावे. व्हिडिओसाठी कार्डावर व्ही३० ही खूण असावी. ती किमान ३० मेगाबाइट प्रतिसेकंद लेखनवेगाची हमी असते.

कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी छायाचित्रे उतरतील असे ठरवून द्यावे. ती नसेल तर एका छोट्या कार्ड रीडरने मोबाइलमधून सुट्या एसएसडीवर (चिपवर माहिती साठवणाऱ्या छोट्या साधनावर) दर दोन-तीन दिवसांनी प्रत काढावी. एसएसडीत फिरणारा भाग नसल्यामुळे ती धक्के सोसते. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क पाठीवरच्या प्रवासात नेऊ नये. प्रत आणि मूळ कार्ड एकाच पिशवीत ठेवले तर प्रत काढल्याचा उपयोग राहत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

कॅमेरा कुठे लटकवावा

गळ्यातला पट्टा तासाभराच्या फेरफटक्याला ठीक आहे. सॅक घेऊन चढ चढताना तो मानेला काचतो, आणि वाकले की कॅमेरा दगडावर आपटतो. त्याऐवजी सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी धातूची क्लिप वापरावी. कॅमेऱ्याच्या तळाला एक छोटी प्लेट स्क्रूने बसते, ती क्लिपमध्ये वरून सरकते आणि खट्‌ आवाज करून अडकते. बटण दाबून कॅमेरा एका हाताने दोन सेकंदांत बाहेर येतो. माझ्या साहित्यात इतक्या कमी वजनाच्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूने छायाचित्रांची संख्या इतकी वाढवलेली नाही. ७०० ग्रॅमपर्यंतची जोडी या क्लिपवर आरामात राहते. त्याहून जड असेल तर एक खांदा दुसऱ्यापेक्षा लवकर दुखू लागतो.

तळाचा स्क्रू रोज सकाळी तपासावा. चालण्याच्या हिसक्यांनी तो हळूहळू सैल होतो. एकदा एका ओढ्याच्या दगडांवरून उड्या मारत असताना माझा कॅमेरा क्लिपसह नव्हे, तर प्लेट क्लिपमध्ये ठेवून एकटाच फिरू लागला होता, आणि स्क्रूचा शेवटचा आटा तेवढा धरून होता. तेव्हापासून प्लेट घट्ट करायची षट्कोनी किल्ली माझ्या औषधांच्या डबीत असते आणि कॅमेऱ्याला मनगटाचा एक बारीक दोर कायम बांधलेला असतो.

पाऊस आणि धूळ जास्त असेल अशा ठिकाणी छातीवरची छोटी बंद पिशवी बरी. तिचा दोष एवढाच, की खडी उतरण असताना पुढचे पाऊल कुठे पडते ते दिसत नाही, म्हणून तशा जागी ती बाजूला सरकवून घ्यावी.

पाणी, दमटपणा आणि एक अनपेक्षित शत्रू

‘वेदर सील्ड’ असे लिहिलेला कॅमेरा जलरोधक नसतो. तो तुषार आणि रिमझिम सोसतो, तेही लावलेली लेन्स तशीच संरक्षित असेल तर. त्यामुळे दोन-तीन लिटरची पाणी न शिरणारी गुंडाळपिशवी सोबत हवीच, आणि ती सॅकच्या आत खोलवर न ठेवता बाहेरच्या खिशात ठेवावी, कारण पाऊस आल्यावर ती शोधायला वेळ नसतो.

गारठ्यातून उबदार खोलीत शिरल्यावर लेन्सवर बाष्प जमते, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते कॅमेऱ्याच्या आतही जमते, हे मात्र ध्यानात येत नाही. उपाय सोपा आहे: दाराबाहेरच, थंड हवेत, कॅमेरा झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि आत आल्यावर तास-दोन तास उघडू नये. बाष्प पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमते आणि आतला कॅमेरा हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो. दमट प्रदेशात आठवडे काढायचे असतील तर त्याच पिशवीत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाकाव्यात, कारण सततच्या दमटपणात लेन्सच्या काचांवर बुरशी धरते आणि ती काढणे खर्चिक असते.

अनपेक्षित शत्रू म्हणजे डास आणि किडे पळवणारे औषध. डीईईटी असलेली औषधे प्लॅस्टिक आणि रबर मऊ करतात. ती चोळलेल्या बोटांनी कॅमेरा धरला तर पकडीचा भाग चिकट होतो आणि तसाच राहतो. औषध लावल्यावर तळवे धुवावेत, किंवा ते हाताच्या मागच्या बाजूनेच अंगाला चोळावे.

ट्रायपॉड, फिल्टर आणि पुसण्याचे साहित्य

ट्रायपॉड नेण्याची खरी कारणे दोन आहेत: चांदण्यांचे आकाश, आणि पाण्याची दुधाळ धार. यांपैकी काही करायचे नसेल तर तो घरी ठेवावा, कारण अलीकडच्या कॅमेऱ्यांतील स्थिरीकरणाने हातात धरूनही मंद शटरवर (शटर जास्त वेळ उघडे ठेवून) निभाव लागतो. करायचे असेल तर सव्वा किलोच्या आतला कार्बन फायबरचा ट्रायपॉड घ्यावा आणि वाऱ्यात त्याच्या मधल्या दांड्याला सॅक अडकवावी. मधला मार्ग म्हणजे २००-३०० ग्रॅमचा वीतभर उंचीचा छोटा ट्रायपॉड, जो सपाट दगडावर ठेवला की बहुतेक काम भागवतो. चांदण्या ठिपक्यांसारख्या याव्यात म्हणून ५०० ला फुल फ्रेमच्या हिशेबातल्या फोकल लेंथने भागावे, जेवढे येईल त्याहून अधिक सेकंद शटर उघडे ठेवू नये. २४ मिलिमीटरला हे सुमारे २० सेकंद होतात, आणि जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर त्याहून कमी ठेवलेले बरे.

फिल्टरांत पोलरायझर हा एकच सर्वांनी न्यावा. पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो, आणि हे काम नंतर संगणकावर करता येत नाही. सूर्यापासून काटकोनातल्या आकाशावर त्याचा परिणाम सर्वाधिक दिसतो. त्यासाठी दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) प्रकाश जातो, म्हणून काम झाल्यावर तो उतरवावा. पाण्याची धार टिपणाऱ्यांनी जोडीला सहा स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) घ्यावा, ज्याने १/६० सेकंदाचे शटर एक सेकंदाच्या आसपास जाते. पुसण्यासाठी रबरी फुगा, दोन मऊ कापडे आणि लेन्स पेन पुरतात. आधी फुग्याने धूळ उडवावी आणि मगच कापड लावावे, नाहीतर धुळीचे कण काचेवर घासले जातात.

निघण्यापूर्वीची रंगीत तालीम

सगळे ठरल्यावर पूर्ण भरलेली सॅक घेऊन दोन रात्रींची एक छोटी चाल करावी. नेहमीसारखी छायाचित्रे काढावीत, आणि रोज रात्री बॅटरी किती टक्के उरली, कार्ड किती भरले आणि कोणती वस्तू हाताळली याची वहीत नोंद ठेवावी. दोन दिवसांच्या या आकड्यांवरून सर्वांत लांब टप्प्याचा विजेचा हिशेब पुन्हा मांडावा. परत आल्यावर जी वस्तू एकदाही बाहेर निघाली नाही ती सॅकमधून काढावी. पाण्यापासून बचावाची पिशवी, जादा कार्ड आणि षट्कोनी किल्ली मात्र वापर झाला नाही तरी राहू द्यावी.

त्यानंतर कॅमेरा आणि लेन्स यांचे अनुक्रमांक मोबाइलमध्ये आणि घरच्या एखाद्या माणसाकडे लिहून ठेवावेत, कारण चोरी किंवा विम्याच्या वेळी तेच विचारले जातात. खरेदीच्या पावतीचे छायाचित्रही मोबाइलमध्ये असू द्यावे, परतताना कॅमेरा आधीपासून आपलाच होता हे दाखवण्याची वेळ येऊ शकते. आदल्या रात्री सगळी कार्डे त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावीत, सगळ्या बॅटऱ्या पूर्ण भराव्यात, आणि कॅमेऱ्यातली तारीख व वेळ मोबाइलशी जुळवून घ्यावी. काही आठवड्यांनंतर हजारभर छायाचित्रे समोर घेऊन कोणती खिंड कोणत्या दिवशी ओलांडली हे शोधताना फाइलवरच्या त्या वेळेचाच आधार असतो.